या वेळी तू ‘समजा’ म्हटलं नाही

प्रिय दादा,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला सांगितलं होतं. मी उठली, माइक हातात घेतला. समोर तुझ्या रेल्वे वर्कशॉपमधले लोक, कॉलनीतल्या बाया, गोंदियाहून आलेले काका, सगळे माझ्याकडे पाहून राहिले होते. मी माइक परत दिला आणि खाली बसली. लोकांना वाटलं, बिचारीला रडू आलं. रडू नव्हतं आलं. टेबलावर तुझा फोटो होता, त्याला पांढऱ्या फुलांचा हार होता, आणि माझ्या डोक्यात एवढंच चालू होतं की याचा फोटो इथे काहून ठेवला?

त्या दिवशी जे बोलता आलं नाही ते आज लिहून राहिली. आजच काहून, तर काल एक गोष्ट घडली. असं काही घडलं की मी आधी तुलाच फोन करायची, नितीनला नंतर सांगायची. नवरा असून तो त्यावरून रुसायचा, आठवते ना? आपण दोघंही हिंदी शाळेत शिकलो, पण तू हट्टानं मराठी लिहायला शिकला. माझं तसंच राहिलं. चुका झाल्या तर काढू नको.

आधी त्या रविवारचं सांगते. तुझ्या बाजूनं तो दिवस कसा गेला ते मला कधीच कळणार नाही. माझ्या बाजूनं असा गेला.

मी स्वयंपाकघरात मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या शेंगा सोलत होती. फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. उचलला तर आपली मैत्री.

"मम्मी, मैं मैत्री बोल रही हूँ. हम अभनपुर के पास हैं, बियारे में. मामा गिर गए हैं. उठ नहीं रहे."

सात वर्षांची पोट्टी. आवाज अगदी सरळ. आधी नाव, मग जागा, मग काय झालं ते. आणि मी, तिची आई, मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "मामाले फोन दे."

खरंच असं म्हटलं, दादा. पोरगी सांगून राहिली की मामा उठत नाही, आणि मी म्हणते मामाले दे. ती हळूच म्हणाली, "मम्मी, मामा नहीं ले सकते."

मग एका बाईनं तिच्या हातून फोन घेतला. "दीदी, तुंहर भैया ला अस्पताल लेगत हन. लइका मन मोर करा हें." भावाला दवाखान्यात नेतो आहोत, लेकरं माझ्यापाशी आहेत, असं ती सांगत होती. ज्यांच्या बियाऱ्यात, म्हणजे खळ्यात, तुम्ही धान पाहायला गेला होता, त्या घरची ती सुखबती. तिचं नाव मला नंतर कळलं.

मी गॅस बंद केला. शेंगांचं ताट झाकून ठेवलं. आरशासमोर उभी राहून केस विंचरले. काहून विंचरले, विचारू नको. नितीननं गाडी काढली, रस्त्यात माया वहिनीला घेतलं. वहिनी गाडीत बसली आणि एकच विचारलं, "पोट्टे कुठं आहेत?" तुझं नाव तिनं घेतलं नाही. सबंध रस्ता घेतलं नाही. मी पण घेतलं नाही. घेतलं असतं तर काहीतरी खरं झालं असतं असं वाटत होतं.

दवाखान्यात तरुण डॉक्टर बाहेर आला. त्यानं सांगितलं, "यहाँ लाने से पहले ही जा चुके थे." मी मान हलवली आणि विचारलं, "होश कब आएगा?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. परत तेच सांगितलं, आणखी हळू. तेव्हा वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. मी उभीच होती. मला वाटलं, हा पोरगा नवीन आहे, याला येत नसेल. आत कोणी मोठा डॉक्टर असेल, तो येऊन बरोबर सांगेल.

तू शेहेचाळीस वर्षांचा होता. सकाळी आमच्या दारात उभा राहून ओरडला होता, "ए रंजू, पोट्ट्यायचे स्वेटर दे, खेतात थंडी असते." माझ्याशी तू बोललेलं शेवटचं वाक्य स्वेटरचं आहे. दुसरं काही सुचलं नाही का तुला?

तुला आणि वहिनीला लेकरू झालं नाही. त्याबद्दल तू कधी काही बोलला नाही, मी पण विचारलं नाही. पण मैत्री चालायला लागली तसे तुझे रविवार आमच्याकडे आले. नंतर अंशू आला. तो तीन वर्षांचा होईपर्यंत तू त्याला नेलं नाही. म्हणायचा, "याले अजून घरच फिरायचं आहे. सोफ्याखालचं पाहून झालं की मंग नेतो."

लोक लेकरांना फिरायला नेतात म्हणजे मॉलमध्ये नेतात, झुल्यावर बसवतात, आइस्क्रीम देतात. तुझं सगळंच उलटं. तू म्हणायचा, सहल पोट्ट्याच्या प्रश्नापासून निघाली पाहिजे, आपल्या मनापासून नाही. प्रश्न नसला तर रविवारी घरी बसायचं. एकदा अंशूनं विचारलं, "घड़ी के अंदर कौन चलता है?" तू त्या दोघांना तात्यापाऱ्यातल्या घड्याळवाल्याकडे घेऊन गेला. मी म्हटलं, ही काय सहल झाली? दुकानात तर रोज जातो. तू म्हटलं, "रोज जातो, पण घड्याळ उघडलेलं कोणी पाहिलं?" त्या म्हाताऱ्यानं एक जुनं टेबलावरचं घड्याळ पूर्ण उघडलं, आणि माझा तो पोट्टा, जो एका जागी जेवत नाही, तो स्टुलावर बसून श्वास धरून पाहत राहिला.

कुठेही न्यायच्या आधी तू एकटा जाऊन यायचा. सावली कुठे आहे, पाणी कुठे, लेकरांना सू-शीला कुठे न्यायचं, धावायला जागा आहे का, सगळं पाहून यायचा. वहिनी हसायची, "पोरगी पाहायले जाते जसा." सिरपुरला खोदून काढलेला जुना विहार दाखवायचा होता तेव्हा तू दोनदा गेला. मैत्रीचा प्रश्न होता की पहिलेचे लोक झोपत कुठे होते. तिथे भिक्खूंच्या एका छोट्याशा खोलीत तू स्वतः आडवा झाला, पाय भिंतीला लागत होते, आणि पोरांना म्हटलं, आता सांगा, हा माणूस इथं किती सामान ठेवू शकते? मैत्री घरी येऊन आपल्या खेळण्यांकडे पाहत बसली होती. तिनं मला काही सांगितलं नाही. मी विचारलं, "क्या सीखा?" तर तू मलाच रागावला. "परीक्षा नको घेऊ. आतमंधी गेलं असन तर आपोआप बाहेर निघते."

आणि तो तुझा नियम, पोट्टे थकायच्या आधी निघायचं. तू म्हणायचा, थकलेल्या पोट्ट्याले ताजमहाल दाखवला तरी तो रडते. संग्रहालयात अंशूनं एकही मूर्ती पाहिली नाही, मूर्तीखालच्या मुंग्या पाहिल्या. दुसरा कोणी असता तर हात धरून ओढलं असतं. तू त्याच्या बाजूला फरशीवर उकिडवा बसला. मैत्रीनं मला सांगितलं की चौकीदार येऊन विचारत होता, भैया, कुछ गिर गया क्या?

भाताची सहल अंशूच्याच तोंडातून निघाली. जेवता जेवता त्यानं विचारलं, "चावल कौन सी दुकान में उगता है?" तू एवढा हसला की ठसका लागला. म्हणाला, ही लंबी सहल आहे बावा, ही एका रविवारी नाही होत. तुझ्या वर्कशॉपमधल्या दोस्ताच्या सासरचं शेत अभनपुरच्या अलीकडे आहे, तिथे तू बोलून ठेवलं. रोपा लावायच्या वेळी एकदा नेलं. चिखलात दोघं कमरेपर्यंत भरून आले होते आणि मी तुझ्यावर चिडली होती. धान पिवळं झालं तेव्हा एकदा नेलं. आणि तिसऱ्यांदा मळणी पाहायला.

त्या तिसऱ्या वेळचं मी सुखबतीकडून आणि अंशूकडून थोडं थोडं जमवलं आहे. सुखबती सांगते, तू सूप हातात घेऊन धान पाखडायला गेला आणि अर्धं धान अंगावर पाडून घेतलं, सगळ्या बाया हसल्या. मग तिनं दाखवलं. वाऱ्यावर भुसा उडून जातो, दाणा खाली पडतो. अंशूनं विचारलं, दाना क्यों नहीं उड़ता? तू म्हटलं, तूच सांग. त्याच्या हातात एका मुठीत भुसा दिला, एका मुठीत धान. मग चहा आणायला म्हणून ती घरात गेली, बाकीचे जेवायला गेले. तू पैऱ्याच्या, म्हणजे त्या धानाच्या काडीच्या ढिगाला टेकून बसला. छातीवर हात ठेवला. आणि आडवा झाला.

एवढंच मला माहीत होतं. बाकी सगळं मैत्रीजवळ होतं, आणि ती बोलत नव्हती.

आम्ही त्यांना घ्यायला गेलो तेव्हा दोघं सुखबतीच्या अंगणात बाजेवर बसले होते. अंशूच्या केसात काडी अडकलेली. त्याची एक मूठ अजून बंद होती. त्यानं विचारलं, "मामा किधर गए?" मैत्रीनं काही विचारलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आपली चप्पल शोधायला लागली.

त्यानंतर ती रडली नाही, दादा. एकदाही नाही. तुला आणलं तेव्हा नाही, नेलं तेव्हा नाही. शाळेत गेली, होमवर्क केला, डबा संपवून आणला. सगळे म्हणायचे, लहान आहे, समजत नाही. पण दुपारी नितीन झोपला की ती दाराशी येऊन उभी राहायची आणि त्याच्या पोटाकडे पाहत राहायची. पोट वर-खाली होताना दिसलं की निघून जायची. थोड्या वेळानं परत यायची. मी स्वयंपाकघरातून पाहायची आणि परत भाजी चिरायला लागायची.

कार्यक्रमाच्या दिवशी काका बाजूच्या माणसाला सांगत होते, मला ऐकू यावं एवढ्या आवाजात, "लेकरायले घेऊन खेताखेतानं फिरायची काय गरज होती? घरी असता तर दवाखाना जवळ होता." मला राग यायला पाहिजे होता. नाही आला. मला वाटलं, बरोबर बोलून राहिले. त्या दिवसापासून मी पोरांना घराबाहेर काढणं बंद केलं. शाळा आणि घर. रविवारी टीव्ही लावून द्यायची आणि दाराला आतून कडी. नितीन म्हणाला, बगिच्यात तरी जाऊ दे. मी म्हटलं, नको.

आणि तुझ्यावर पण मी रागावली होती. त्या आठवड्यात तुला छातीत जळजळ होत होती. वहिनीला तू म्हटलं, भजे जास्त झाले. भजे जास्त झाले, एवढंच? रेल्वेचा दवाखाना तुझ्या क्वार्टरपासून किती दूर आहे? अनोळखी जागी लेकरांना न्यायच्या आधी तू सावली पाहून यायचा, पाणी पाहून यायचा. स्वतःकडे एकदा पाहायला काय झालं होतं?

आता ते सांगते जे तुला सांगणं मला सगळ्यात कठीण जाऊन राहिलं.

तुझा तो ‘समजा’चा खेळ. समजा मामा हरवला, आता काय करायचं? मग तू कॉलनीतल्या बगिच्यात झाडामागे लपायचा आणि पोरं धावत जाऊन लेकरूवाल्या एखाद्या बाईसमोर उभी राहायची, नाव सांगायची, माझा नंबर सांगायची. समजा मामाले चक्कर आली, आता? मग तू गवतावर धपकन पडायचा, जीभ बाहेर. अंशू तुझ्या पोटावर चढायचा आणि मैत्री धावत मला बोलवायला यायची. मी पण हसायची. एकदा मी म्हटलं होतं, बाहेर कुठं असं नको करू, लोक घाबरतील. तू म्हटलं, "अव, मी आधी ‘समजा’ म्हणतो ना. ‘समजा’ म्हटल्याशिवाय खेळ नाही, त्यायले माहीत आहे."

त्यांना माहीत होतं, दादा. तेच तर झालं.

परवा शनिवारी दुपारी अंशू फरशीवर आडवा झाला. जीभ बाहेर काढली आणि म्हणाला, "समजा मैं मामा हूँ." मैत्रीनं वही फेकली आणि त्याला मारलं. थापड नाही, मुठीनं, पाठीवर, छातीवर, जिथे लागेल तिथे. मी धावली, तिला ओढलं, ओरडली, "पागल झाली का?" आणि ती माझ्या हातातून सुटायला पाहत होती आणि सांगत होती, ओरडत नाही, जसं फोनवर सांगितलं होतं तसं, सरळ:

"मुझे लगा मामा एक्टिंग कर रहे हैं. अंशू उनके पेट पर चढ़ गया. मैं हँसी. मगर मामा ने समजा नहीं बोला था. मुझे मालूम था नहीं बोला. फिर भी मैं हँसती रही. बाद में दौड़ी."

मी तिला सोडलं. एवढे दिवस हे पोरीच्या पोटात होतं, आणि मी टीव्ही लावून देत होती. मी तिला म्हणायला पाहिजे होतं, तुझी काही चूक नाही. म्हटलं पण. तिनं ऐकलं आणि मान हलवली, जशी मी त्या डॉक्टरसमोर हलवली होती. मला लगेच कळलं की तिच्यापर्यंत काही पोचलं नाही.

मी वहिनीला फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं, मी चूक केली, तिला हे सांगायला नको होतं. मग ती म्हणाली, "तिले प्रश्न पडला आहे ना, रंजू? मी धावली असती तर काय झालं असतं, हाच ना?"

"हव."

"मंग तुह्या भावानं काय केलं असतं? तिले उत्तर दिलं असतं का?"

"नाही. घेऊन गेला असता."

"मंग घेऊन जाऊ. मी पण येते."

वहिनीच्या ओळखीच्या डॉक्टर मॅडम आहेत, पुरानी बस्तीत त्यांचा दवाखाना आहे. मूळच्या नागपूरच्या. मी काल सकाळी एकटी जाऊन त्यांना भेटून आली. काय झालं, पोरगी काय म्हणते, सगळं सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही तिला सांगा की तिची चूक नाही. मॅडम म्हणाल्या, "ते तुम्ही सांगितलंच असेल. मी तिला हृदय दाखवते. पेशंट गेल्यावर दुपारी आणा."

तर दुपारी आम्ही गेलो, दादा. मी, वहिनी, दोघं पोट्टे. तू गेल्यानंतरची ही त्यांची पहिली सहल. वहिनीनं डब्यात उकडलेली अंडी आणि चिवडा घेतला होता. दवाखान्यात कोणी चिवडा नेते का?

मॅडमनी स्टेथोस्कोप काढला आणि पोरांच्या हातात दिला. अंशूनं आधी स्वतःचं ऐकलं, मग मैत्रीचं, मग माझं, मग वहिनीचं. वहिनीजवळ तो जास्त वेळ थांबला. वहिनीनं डोळे मिटून घेतले होते. मग त्यानं ते टेबलाला लावलं, ऐकलं, आणि म्हणाला, "ये तो बंद है."

मॅडम म्हणाल्या, "टेबलाला हृदय नसतंच, बाळा. तुझ्या मामाला होतं. रोज चाललं, झोपेत पण चाललं. मग बंद पडलं."

मैत्रीनं स्टेथोस्कोप हातात घेतला नव्हता. ती खुर्चीवर सरळ बसली होती. तिनं विचारलं, "मैं जल्दी दौड़ती तो चालू हो जाता?"

मी तोंड उघडलं. वहिनीनं माझा हात दाबला.

मॅडमनी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसल्या. "खरं सांगू?"

"हाँ."

"कधीकधी बंद पडलेलं हृदय चालू होतं. पण त्यासाठी तिथल्या तिथे मशीन लागतं, शिकलेली मोठी माणसं लागतात. ती असली तरी दरवेळी होत नाही. माझ्यासमोर पण झालं नाही, कितीदा तरी. तिथे शेतात यातलं काही नव्हतं. तू लगेच धावली असतीस, तरी ते आले असते तोपर्यंत तसंच झालं असतं. तू हसलीस म्हणून ते बंद पडलं नाही. ते आधीच बंद पडलं होतं."

"पक्का?"

"पक्कं. आणि मग तू काय केलंस ते मला सांग."

मैत्री सांगायला लागली. आधी अंशूला पोटावरून खाली ओढलं. मामा, मामा म्हणून हलवलं. मग घराकडे धावली. रस्त्यात पडली. सुखबतीला सांगितलं. फोन मागितला. मॅडम मधे मधे विचारत होत्या, मग? नंबर कसा आठवला? कोणी शिकवला? मैत्री सांगता सांगता थांबली आणि म्हणाली, "मामा ने."

तेव्हा वहिनी बोलली. ती तर कधी अशा वेळी बोलत नाही. म्हणाली, "तू हसली ते बरं झालं बेटा. त्यायच्या कानात शेवटी तुमचं हसणं गेलं असन. मी तिथं असती तर मी ओरडली असती."

मैत्री खुर्चीवरून उतरली, वहिनीच्या मांडीत डोकं घातलं आणि रडली. काय रडली, दादा. मी तिला जन्माच्या वेळी पण एवढं रडताना ऐकलं नव्हतं. बाहेरून कंपाउंडर डोकावून गेला. मॅडमनी त्याला हातानंच जा म्हटलं. अंशूनं स्टेथोस्कोप घेतला, बहिणीच्या पाठीला लावला आणि मला सांगितलं, "मम्मी, इसका बहुत ज़ोर से चल रहा है."

परत येताना ऑटोत मैत्री वहिनीच्या खांद्यावर झोपली. अंशू चिवडा खात होता. खाता खाता त्याला डब्यातलं उरलेलं अंडं दिसलं. त्यानं ते हातात फिरवलं आणि विचारलं, "मम्मी, अंडे में दिल कब आता है?"

आता हे मला कुठून माहीत असणार? कोंबडीची पिल्लं निघतात ती जागा कुठे असते, तिथे लेकरांना येऊ देतात का, कोणाशी बोलावं लागते? मी पर्समधून फोन काढला आणि नंबर लावला. मी काय करून राहिली, माझ्या लक्षातच नव्हतं.

वहिनीच्या थैलीत फोन वाजला. तुझा फोन.

ती तो सोबतच ठेवते, हे मला माहीत नव्हतं. रोज चार्ज करते म्हणे. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. रिंग वाजून राहिली. मी फोन बंद करायला गेली, बोट सरकत नव्हतं. मैत्री झोपेत हलली. वहिनीनं तिला न हलवता थैलीत हात घातला, फोन काढला, कानाला लावला.

"बोल, रंजू," ती म्हणाली.

माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर बसून ती फोनमध्ये बोलत होती. आणि मी पण फोन कानालाच धरून म्हटलं, "वहिनी, अंशू विचारून राहिला, अंड्यात दिल कधी येते?"

"मले नाही माहीत," वहिनी म्हणाली. "पाहायले जाऊ."

मग तिनं फोन ठेवला.

दादा, मला तुझ्यासारखं नाही जमणार, आधीच सांगते. मला राग लवकर येतो, मी त्यांना घाई करीन, घरी आल्यावर काय शिकले म्हणून विचारीन. पण दाराची कडी मी आज सकाळी काढली. पोरं विचारतील तिथे त्यांना नेईन, आणि जे विचारतील त्याचं खोटं उत्तर देणार नाही, तुझ्याबद्दलचं पण नाही. वहिनीला एकटं रविवार काढू देणार नाही. हा शब्द देते.

पिल्लांची जागा धमतरी रस्त्यावर आहे असं शेजारीण म्हणते. उद्या पोरं शाळेत गेली की मी आणि वहिनी आधी दोघीच जाऊन पाहून येतो.

तुझी,
रंजू